हातचा

जानेवारीत मलावीच्या या किनाऱ्यावर
भूक पाहुण्यासारखी येत नाही,
घरमालकासारखी येते.
मडकी हलवून बघते, झाकणं उचलते.
समोर सरोवर, निळं, बिनकामाचं:
वादळ उठलं की होड्या वाळूवर पालथ्या,
आणि शेतात मका जेमतेम गुडघ्याएवढा.

मी येसाया म्हांगो.
हातानं सुतार, आणि बावीस वर्षं चर्चचा खजिनदार.
पेटीतलं नाणं न् नाणं वहीत उतरवतो,
दानात आलेली अंडीसुद्धा
(तीन; पैकी एक तडकलेलं).
माझा ताळा कधी चुकला नाही.

म्हणून पलंगाखालच्या पोत्याचाही हिशेब मांडला.
रोज चार वाट्या. माणसं चार.
कोवळी कणसं यायला एकेचाळीस दिवस.
भिंतीवर कोळशाच्या एकेचाळीस रेघा,
रोज रात्री एक पुसायची, मग प्रार्थना.
आधी रेघ, मग प्रार्थना.
हा क्रम कुणाला सांगितला नव्हता.

रविवारी पाळक क्युम्बा म्हणाले,
पाखरं पेरत नाहीत, कोठारं बांधत नाहीत,
तरी बाप त्यांना जेवू घालतो.
मी मान डोलावली.
घालतो, खरंच आहे,
माझ्याच शेतातून.
गेल्या साली सुगरणींनी सहा ओळी साफ केल्या,
नोंद आहे माझ्याकडे.

पंधराव्या रेघेला पोतं हाताला हलकं लागलं.
दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा वाटी बदलून मोजलं.
न्यागोंद्वे चुलीपुढे होती, डोळ्यांत धूर.
पळी न थांबवता म्हणाली,
"लुसुंगूची पोरं दोन दिवस कच्च्या आंब्यांवर होती."
"किती दिलंस?"
"मोजलं नाही."
"मोजलं नाही?"
"मोजलं असतं तर दिलं नसतं."

त्या रात्री मी रेघ पुसली
आणि तसाच आडवा झालो.
बाहेर सरोवर, देणेकऱ्यासारखं,
दाराशी येऊन येऊन परत जात होतं.

पोतं अकरा दिवस आधी संपलं.
पीठ वाढलं नाही, तळाशी काही चमकलं नाही.
उलटं करून झटकलं:
थोडी धूळ, एक किडा. तोही उपाशीच असावा.

मग एका संध्याकाळी उंबऱ्यावर
केळीच्या पानात मूठभर वाळकी उसिपा मासळी.
कुणाची, कळलं नाही.
दुसऱ्या दिवशी अर्धा भोपळा.
तो वाकडा काप ओळखीचा:
लुसुंगूच्या त्या सुरीला मूठ मीच बसवली होती.
मशिदीमागचा कोळी साइदी
कसाव्याची दोन मुळं ठेवून गेला.
म्हणाला, "पुढच्या खेपेला तुम्ही."
मला लाज वाटली,
कारण त्याच्या घरात पोरं सात,
आणि मी त्यालाही कधी मोजलं नव्हतं.

पाचव्या दिवशी काहीच आलं नाही.
तेही लिहून ठेवतो.
पोरं पाणी पिऊन झोपली.
न्यागोंद्वेनं तरीही आभार मानले,
कशाचे, मी विचारलं नाही.
फक्त तिच्या शेजारी गुडघे टेकले,
आणि रेघ पुसायची राहून गेली.

पहिलं कणीस भाजलं तेव्हा दूध हातावर उडालं.
तिनं पाच तुकडे केले.
आम्ही चौघं. मी काही बोललो नाही.

आता वही उघडून बसलोय.
रोज चार वाट्या, अकरा दिवसांची तूट,
एक कोरा दिवस, अर्धा भोपळा.
आकडे वरून खाली, खालून वर,
ताळा काही जमत नाही.
मिशनच्या शाळेत मास्तर ओरडायचे,
येसाया, हातचा विसरलास!
विसरलो नव्हतो, मास्तर.
इतकी वर्षं तो मी
माझ्याच हातचा समजत होतो.